एरियलचं पाणी

माझा स्वभाव संशयी आहे हे लग्न होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. नातेपुत्याला आमच्या घरात सगळेच तसे होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसावं. आई दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय दूधवाल्याला जाऊ द्यायची नाही. वडील टपाल हातात आलं की पाकीट उजेडात धरून ते आधी कुणी फोडलंय का ते तपासायचे. अशा घरातली मी सोलापुरात आले आणि दुसऱ्याच्या माळवदाखाली भाड्याने राहू लागले.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, वर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती चोपलेली. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याखाली बरं वाटतं. पाऊसही आमच्याकडे बेताचाच, त्यामुळे एरवी काही होत नाही. पण एकदा का माळवदाला भोक पडलं, की पाणी कुठून शिरलं आणि कुठून उतरलं याचा पत्ता लागत नाही. शिरतं चुलीच्या वर आणि टपकतं देव्हाऱ्यावर. म्हणून घर देताना घरमालकिणीने एकच गोष्ट सांगितली होती. "बाई, भाडं उशिरा द्या, चालंल. माळवदाला खिळा ठोकायचा न्हाय."

घरमालकिणीला सगळे अक्का म्हणायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिचे मालक खड्डा-मागावर लुगडी विणायचे. जमिनीत केलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी माग चालवायचा, असं ते काम. मागाची खोली आणि आमची मागची खोली यांत एकच भिंत होती, त्यामुळे दिवसभर खटक-खटक आमच्या डोक्यात चालायची. मी शाळेत शिकवायची. एकदा पेपर तपासताना वैतागून मी अक्काला विचारलं, दुपारच्याला जरा थांबवता येईल का. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग खायचं काय, बाई?" ते तिथेच संपलं असं मला वाटलं. पण नंतर नळावर कानावर आलं की अक्काच्या दिराला आणखी दोन माग टाकायचेत आणि त्यांना जागा हवी आहे. जागा म्हणजे आमच्या दोन खोल्या, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हापासून अक्काने आणून दिलेली भाजीसुद्धा मी आधी वास घेऊन मग चिरायची.

माझे यजमान कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. त्या वर्षी सासूबाई गेल्या आणि सासरे मैंदर्गीहून आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामा म्हणायची. बरोबर एक ट्रंक, आणि वाकळेत गुंडाळलेला, लहान बाळासारखा दोन्ही हातांवर तोललेला रेडिओ. मामांचं आणि माझं बोलणं म्हणजे मोठी पंचाईत. त्यांची घरची भाषा कानडी. मराठी त्यांना बाजारापुरतं यायचं: भाव करायचा, नाही म्हणायचं आणि निघून यायचं. माझं कानडी नीर आणि ऊटा, म्हणजे पाणी आणि जेवण, यांच्यापुढे गेलेलं नव्हतं. त्यात त्यांना ऐकू कमी यायचं.

रेडिओवर त्यांना धारवाड हवं असायचं. गुलबर्गा आमच्याकडे सहज लागायचं, तेही कानडीच, पण मामा काटा पुढे सरकवायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट. यजमानांनी सांगितलं तेव्हा कळलं. सासूबाईंचं माहेर धारवाडकडचं. धारवाडहून संध्याकाळी जी बाई बोलायची, तिच्या बोलण्याची ढब थेट सासूबाईंची होती. मैंदर्गीच्या घरावर उंच एरियल होती, त्यामुळे तिथे ती बाई रोज घरात यायची. आमच्या माळवदाखाली मात्र खरखरीतून एखादा शब्द वर यायचा आणि परत बुडायचा. मामा सेटला कान लावून बसायचे आणि मग जेवायचे नाहीत.

"एरियल लावायला पाहिजे," यजमान म्हणाले. "नाहीतर ते परत जातील. आणि तिथं एकटे राहिले तर चूलसुद्धा पेटवणार नाहीत, तुला सांगून ठेवतो."

म्हणजे सगळं येऊन पडलं एका तारेवर, आणि ती तार घरात आणायची ती अक्काच्या परवानगीने.

अक्काने आढेवेढे न घेता हो म्हटलं. मला तिथेच शंका आली. तिच्या अटी दोनच होत्या. एरियलचा बांबू माळवदावर रोवायचा नाही, आणि पावसाचा एक थेंब तारेवरून आत येता कामा नये. आला तर तार उतरवायची. मी मनात म्हटलं, हिला थेंब येण्याचीच घाई आहे.

रेडिओ दुरुस्त करणारा मिस्त्री आला. परसातल्या कडुनिंबाला एक बांबू बांधला, दुसरा भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळला आणि मध्ये चिनी मातीच्या गट्टूंना ताणून तार लावली. इथवर ठीक होतं. पुढे तार आत कशी घ्यायची यावर तो म्हणाला, साण्यातून सोडू. साणं म्हणजे माळवदात उजेडासाठी ठेवलेलं भोक. पाऊस आला की त्यावर दगडी झाकण ओढतात. तार मध्ये आली तर झाकण बसणार कसं? हे त्याला कळत नव्हतं असं नाही, त्याला सोपं काम हवं होतं. मी म्हटलं, खिडकीतून घ्या.

मग त्याने खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं आणि वरून आलेली तार तशीच सरळ आत घालायला निघाला. मी त्याचा हात धरायचीच बाकी होते. आमच्या परसात कपडे वाळत घालायची तार होती. पाऊस थांबला की मी बघायची, थेंब त्या तारेच्या खालच्या बाजूने चालत चालत जिथे तार सर्वांत खाली वाकलेली असते तिथे येऊन गळायचे. वरून खाली येणारी तार सरळ भोकात घातली, तर थेंबही तिच्याबरोबर पाहुण्यासारखे आत येणार.

"तारेला पोट ठेवा," मी म्हणाले.

"क्या रखना?" त्याने विचारलं.

मी हाताने दाखवलं. तार आधी भोकाच्या खाली वीतभर उतरवायची आणि मग वळवून खालून वर आत घ्यायची. पाणी पोटाशी येऊन गळून पडेल. भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं करायला लावलं आणि तार आत गेल्यावर चिंधी डांबरात बुडवून ते बुजवून घेतलं. अक्का तिच्या दारातून सगळं बघत होती. मी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता वरुणराजा आला तरी आत यायचा नाही."

मिस्त्री म्हणाला, "भाभी, अब अर्थ गाडना."

मी मराठी शिकवणारी बाई. अर्थ लावतात, सांगतात, कधी अनर्थही करतात. अर्थ पुरायचा असतो हे मी पहिल्यांदा ऐकत होते. तो आपली टिंगल करतोय असंच मला वाटलं. मग कळलं की सेटमधून दुसरी एक तार काढून ती जमिनीत पुरतात, म्हणजे खरखर कमी होते. त्याने खिडकीखाली, आमची भिंत मागाच्या खोलीला मिळते त्या कोपऱ्यात खड्डा खणला. लोखंडी नळी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. मामा त्याच्याशेजारी उकिडवे बसले होते. मैंदर्गीच्या बाजारात वावरलेले असल्याने त्यांना मिस्त्रीची दखनी हिंदी समजायची, त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं. मिस्त्री काहीतरी समजावत होता आणि मामा मान डोलवत होते. काय ते मी ऐकलं नाही. उरलेल्या तारेतली किती त्याने पिशवीत टाकली, इकडे माझं सगळं लक्ष होतं.

त्या संध्याकाळी धारवाड लागलं. ती बाई आमच्या खोलीत बोलू लागली, ठाम, जरा ओढून, प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुणाला तरी बजावल्यासारखं. मामा हसले नाहीत की रडले नाहीत. ते ताटावर येऊन बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या. मला फार आनंद झाला, आणि तो आनंद फार टिकणार नाही असंही लगेच वाटून गेलं.

भाद्रपदात पाऊस धरला. ढगांच्या दिवसांत रेडिओची खरखर वाढली. आणि एक दिवस अक्का दारात उभी राहिली.

"बाई, तुमच्या वायरनं पाणी आणलं की."

मी तिच्याबरोबर मागाच्या खोलीत गेले. भिंतीच्या तळाला ओल होती. मागाच्या खड्ड्याची कडही ओली झाली होती आणि अक्काचे मालक पायाखाली पोतं टाकून बसले होते. ते एरवीही बोलत नसत. त्यांनी फक्त पाय वर काढून मला दाखवले. पायांची कातडी भिजून पांढरी पडली होती.

मी खिडकी बघितली. तारेच्या पोटाशी थेंब लोंबत होता आणि खाली गळत होता, जसा गळायला हवा तसा. चौकटीचं डांबर कोरडं ठणठणीत. मी अक्काला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मग पाणी कुटनं आलं? माग हितं बारा वर्सं हाय. कदी न्हाय आलं. तुमचा वायर आला, पाणी आलं."

उत्तर नसलं की मी जास्तच बोलते. ओल खालून वर चढतेय आणि वायर वरून खाली येते, पाणी काय उड्या मारतं का, असं मी म्हणाले. दिराचे माग कधी येणार आहेत तेही विचारून घेतलं. अक्काचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "दिराचं माज्या घरात कशाला काडता?" आणि आत निघून गेली. मला वाटलं, नेम बरोबर बसला.

सुट्टीला यजमान आले आणि दोन्हीकडचं ऐकून त्यांनी तार उतरवली. शब्द दिला होता, असं म्हणाले. मी त्यांच्याशीही ती सुट्टीभर धड बोलले नाही. खिडकीतली तार तेवढी आत गुंडाळून ठेवली, अर्थाची तार तशीच राहिली.

आता सेट लावला की गुलबर्गा यायचं. काटा पुढे सरकवला की खरखर, आणि तिच्या तळाशी कुणीतरी बाई बोलतेय असा नुसता भास. "केळसूदिल्ल," मामा म्हणायचे. ऐकू येत नाही. दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे, की माझ्या कानडीत तो तिसरा शब्द जमा झाला. मग एकदा त्यांनी ट्रंक ओढून मध्ये घेतली आणि धोतरं घडी घालून ठेवू लागले. यजमानांनी विचारलं तेव्हा दसरा झाला की मैंदर्गीला जातो म्हणाले. तिथली एरियल उंच आहे, एवढंच कारण दिलं.

मला त्यांचा राग येत होता. ज्यांच्याशी मला चार वाक्यंही नीट बोलता येत नव्हती, त्यांनी जाऊ नये असं मला इतकं का वाटावं, हे मलाच कळत नव्हतं. कदाचित दिवसभर शाळेत बडबड करून आल्यावर घरात कुणीतरी गप्प बसलेलं असणं मला आवडू लागलं होतं.

तार उतरली, पाऊसही गेला. आणि ओल वाढली.

आता मात्र माझी खात्री झाली. वर तार नाही, आभाळात ढग नाही, तरी भिंत ओली. म्हणजे कुणीतरी ती ओली करतंय. आम्ही जावं असं ज्यांना वाटतं त्यांच्याशिवाय दुसरं कोण करणार? अक्का सुताला खळ लावते, ते पाणी कुठे ओतते, हे मी बघू लागले. शाळेला निघताना कोपऱ्यात खिडकीखाली रांगोळीचा पातळ थर टाकून ठेवला. संध्याकाळी परत आले तर त्यात अनवाणी पाऊल उमटलेलं, रुंद, पुरुषी. मामांच्या पायात कायम वहाणा असायच्या, झोपतानाही उशाशी ठेवायचे. उरलं कोण? अक्काचे मालक. मला त्या गप्प माणसाची कीव येत होती, आणि तो असा निघावा याचं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाते असं सांगून बाहेर पडले, गल्लीतून वळसा घालून परसाच्या दाराने परत आले आणि कडुनिंबामागे उभी राहिले. शेजारच्या बाईने बघितलं असतं तर तिलाही माझा संशय आला असता. ऊन चढलं होतं. आत माग चालू होता, म्हणजे अक्काचे मालक तिथेच होते. मी मनातल्या मनात अक्काला चार शब्द सुनवायची तयारी करत होते.

मामा बाहेर आले. हातात तांब्या. कोपऱ्याजवळ येऊन त्यांनी वहाणा काढल्या, बाजूला जोडीने ठेवल्या, देवळात शिरताना ठेवतात तशा. मग खाली वाकून त्यांनी जमिनीतल्या नळीवर हळूहळू पाणी घातलं. पुन्हा आत गेले, पुन्हा तांब्या भरून आणला. पुन्हा घातलं. मग आत जाऊन सेट लावला. खरखर मला झाडाखाली ऐकू आली. सेट बंद झाला आणि ते तिसऱ्यांदा तांब्या घेऊन बाहेर आले.

मी पुढे झाले. ते दचकले नाहीत. मला बघून उलट त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी तक्रार केली. "धारवाड केळसूदिल्ल," ते नळीकडे बोट दाखवून म्हणाले. "नीर कडिमि आग्याद." पाणी कमी पडतंय.

मिस्त्रीने त्यांना त्या दिवशी काय समजावलं होतं ते मला तेव्हा कळलं. अर्थाला ओल लागते, पाणी घालत जा, म्हणजे आवाज साफ येतो. पावसाळ्यात खरखर वाढली, म्हणून त्यांनी पाणी वाढवलं. तार उतरवल्यावर ती बाई गप्प झाली, तेव्हा तर ते दुपारभर पाणी घालू लागले. वरची तार कशासाठी आणि खालची कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मैंदर्गीला ते काम सासूबाई बघायच्या की काय कोण जाणे.

माझं लक्ष मागे गेलं. अक्का तिच्या दारात उभी होती.

"बगितलं न्हवं?" ती म्हणाली. "रोज घालतात. तुमी शाळंत गेला की घालतात."

"मग सांगितलं का नाही मला?"

ती दारातून पुढे आली. "तुमीच पाठवता म्हाताऱ्याला, आसं वाटलं मला. मागाची खटखट तुमाला नको होती की. माग भिजवून बंद पाडायचा, आसं."

मी तिला ओळखत होते असं मला वाटत होतं. तीही मला तेवढीच ओळखत होती. दोघींमध्ये मामा रिकामा तांब्या घेऊन उभे होते आणि आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते.

दिराचे माग कधीच येणार नव्हते, असं अक्काने नंतर सांगितलं. त्यावर माझा अजूनही पूर्ण विश्वास नाही. पण पुढच्या सुट्टीला तार पुन्हा चढली, त्याच पोटासकट. यजमानांनी नळी उपसून भिंतीपासून लांब, कडुनिंबाच्या बुंध्याशी पुरली. जागा अक्काने दाखवली. मागाची भिंत दिवाळीपर्यंत वाळली आणि अक्काच्या मालकांनी पायाखालचं पोतं काढलं.

हे सगळं चालू असताना मामांची ट्रंक भरलेलीच होती. नळी जिथे होती तिथे नाही, हे बघून ते हिरमुसले होते. धारवाड आता नीट ऐकू येत होतं, पण ते टिकेल असं त्यांना वाटत नव्हतं. पाणी घालू नका असं यजमानांनी त्यांना कानडीत नीट समजावलं होतं, आणि आता त्यांना करायला काही उरलं नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते ट्रंकेचं कुलूप लावायला बसले.

जाऊ नका, हे कानडीत कसं म्हणतात ते मला येत नव्हतं. यजमान नळावर गेलेले. मी तांब्या भरला, मामांच्या हातात दिला, त्यांना कडुनिंबापाशी घेऊन गेले आणि नळी दाखवली.

"मामा," मी म्हणाले, "नीर हाक्री." पाणी घाला.

त्यांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

त्या पाण्याने धारवाड खरंच साफ येत होतं का, याची मला शंका आहे. मिस्त्री थापा मारत असावा. पण मामा पुढे जितकी वर्षं आमच्याकडे होते तितकी वर्षं मी शाळेला निघण्याआधी तांब्या भरून खिडकीत ठेवायची, आणि संध्याकाळी आल्यावर तो रिकामा आहे ना, ते तपासून बघायची.